ग्रामसभेतला आवाज मतपेटीपर्यंत कसा न्यावा

१२ ऑगस्ट २०२२ ला गोव्यात पंचायत निवडणुकीची मतमोजणी होती. मी केंद्राबाहेर छत्री धरून उभी होते. आमच्या प्रभागात ४१२ मतदार, मतदान केलं ३२७ जणांनी. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या माळावर, येऊ घातलेल्या मोठ्या गृहप्रकल्पाला विरोध करणाऱ्या आमच्या कृती समितीने शेजारच्या वहिनींना उभं केलं होतं. त्यांना ११८ मतं मिळाली. समितीतूनच फुटून उभ्या राहिलेल्या एका दादाला ६१. प्रकल्पाला पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला १२७, आणि तो पंच, म्हणजे पंचायत सदस्य, झाला. चौथ्याला १४ मतं पडली, ७ बाद झाली. विरोधाची १७९ मतं पेटीत असून आम्ही नऊ मतांनी हरलो. त्याच वर्षी एप्रिलच्या ग्रामसभेत ह्याच प्रकल्पाविरुद्ध सगळ्या सभागृहाने हात वर केले होते.

मी पेडणे तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. निवृत्तीआधी काही वर्षं मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून दारोदार फिरून याद्या तपासल्या. तरीही त्या निकालापर्यंत ग्रामसभेतले हात आणि पेटीतली मतं ह्यांत किती अंतर असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते अंतर कसं कमी करायचं ते इथे लिहिते. विधानसभा आणि आत्ताच्या बहुतेक पंचायती, दोन्हींची मुदत २०२७ मध्ये संपते. तयारीला लागायचं असेल तर आत्ताच.

आधी एक सांगते. माझा घरांना विरोध नाही. माझा भाचा लग्न होऊन चार वर्षं म्हापशात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, कारण गावात जागा घेणं त्याच्या पगारात बसत नाही. गावच्या पोरांसाठी वीस घरं बांधायची म्हटली तर मी स्वतः अर्ज घेऊन पंचायतीत जाईन. आमच्या सड्यावर ज्या सदनिका येणार होत्या, त्या संख्येने अख्ख्या वाड्यातल्या घरांच्या चौपट होत्या, आणि खाली आमच्या विहिरी. आमचं भांडण त्या पाण्याचं आहे.

आणि जमिनीसाठी मत द्यायचं, हे आमच्या घरात नवीन नाही. आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ होते. १९६३ च्या डिसेंबरात आजी पहिल्यांदा मतदानाला गेली, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं, १९६४ साली कूळ कायदा झाला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कसणारी कुळं त्या जमिनीची मालक ठरली. एक-चौदाच्या (सात-बारासारख्या) उताऱ्यावर आज आमचं नाव आहे ते त्या मतांमुळे. म्हणून आमच्या वाड्यातलं कुणी "मत देऊन काय होतं गे बाय?" असं विचारतं, तेव्हा मी कपाटातून तो उतारा काढून पुढ्यात ठेवते.

कामाची सुरुवात करायची ती कुणाच्या हातात काय आहे, ते समजून घेण्यापासून. आमची पहिली चूक इथेच झाली. आम्ही सरपंचांना घेराव घातला तो जमिनीचा झोन, म्हणजे ती शेतीची की वस्तीची हे, बदललं म्हणून. झोन पंचायत बदलत नाही. तो नगर नियोजन खात्याचा, म्हणजे पणजीच्या सरकारचा विषय. नगर नियोजन कायद्यातल्या १७(२) कलमाखालचे झोन बदलण्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. २०२४ साली घातलेल्या ३९अ कलमात झोन बदलाआधी ३० दिवसांत लोकांच्या सूचना-हरकती मागवायची तरतूद ठेवली. हे सगळं विधानसभेत ठरतं, त्यामुळे त्याचा जाब आमदाराला विचारायचा. बिगरशेतीची सनद जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. बांधकाम परवाना मात्र पंचायत देते, तिथे पंचाचं मत चालतं. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर पर्यावरण दाखलाही लागतो. तो घेतलाय का, हे माहिती हक्काच्या अर्जात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

हे एकदा कळलं की मत मागायला आलेल्याला काय विचारायचं तेही कळतं. पंचायतीच्या उमेदवाराला "झोनचा आराखडा रद्द करशील का?" विचारलं तर तो खुशाल हो म्हणेल, कारण ते त्याला करायचंच नसतं. त्याला विचारावं, "बांधकाम परवान्याचा अर्ज पंचायतीच्या बैठकीत येईल त्याच्या आधी आम्हाला कळवशील का? ग्रामसभेच्या ठरावाची कारणं इतिवृत्तात घालशील का?" इथे पळवाट राहत नाही.

आता मतदार यादी. बहुतेक गावं इथेच हरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

निकालानंतरच्या रविवारी मी प्रभागाची यादी छापून घेतली आणि शाळेच्या व्हरांड्यात बसले. लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत गेले, शेजारी पेन्सिल. माणूस वाड्यात राहतो तिथे बरोबरची खूण, वारला असेल तिथे गोल, दुसरीकडे राहतो तिथे बाण. मग उलटा हिशेब केला. ग्रामसभेत आमच्या बाजूने बोललेली, सह्यांच्या निवेदनावर सही केलेली माणसं घेतली आणि एकेकाचं नाव यादीत शोधलं. १४ नावं सापडलीच नाहीत. पाच सुना अजून माहेरच्या यादीत होत्या, त्यातली एक तर सावंतवाडीच्या. तीन मुलांना अठरा वर्षं पूर्ण होऊन गेली होती, पण अर्ज भरलेला नव्हता. दोन घरं प्रभागांची नवी आखणी झाली तेव्हा रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेली होती, त्यांची मिळून सहा मतं होती. आणि हरलो नऊ मतांनी.

सहीच्या निवेदनावर सर्वांत मोठ्या अक्षरात सही होती ती त्या सावंतवाडीच्या सुनेची. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "बाई, मला वाटलं लग्न झालं की नाव आपोआप येतं." तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मी सुद्धा नाही, आणि माझ्याकडे त्या केंद्राचं काम असताना मी तिच्या दारावरून दहा वेळा गेले असेन.

तर काम असं करायचं. नवीन मतदाराला नमुना ६. पत्ता बदलला, लग्न होऊन आली, नावात चूक आहे, तर नमुना ८. पूर्वी वर्षातून एकाच तारखेला वय मोजायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण होण्याची वर्षभर वाट बघायची गरज नाही. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून हाती काही लागत नाही, आधीच्या यादीत नाव असायला हवं. गोव्यात नोव्हेंबर २०२५ पासून यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. पूर्वी नाव होतं म्हणून आताही असेल असं धरून चालू नका. प्रत्येक घराने आपली नावं नव्या यादीत स्वतः बघावीत. म्हाताऱ्या माणसांच्या वतीने घरातल्या पोरांनी मोबाईलवर बघावं. पण छापील प्रत हातात घेऊन वाड्यात एकदा फिराच. मोबाईलवर प्रत्येक जण स्वतःपुरतं बघतो, गाळलेली नावं यादी घेऊन फिरल्यावर दिसतात.

नमुना ७ हा नाव वगळण्यासाठी असतो. वारलेल्या माणसासाठी तो जरूर भरा. पण भाड्याने राहणाऱ्या कामगारांची किंवा सदनिकेत राहायला आलेल्या माणसांची नावं उडवायला तो कुणी भरू लागला तर त्याला तिथेच थांबवा. आमच्या समितीत एका बैठकीत अशी सूचना आली होती. मी उठून सांगितलं की असं होणार असेल तर माझं नाव समितीतून काढा. जो माणूस इथे राहतो, इथल्या नळाचं पाणी भरतो, त्याचा मताचा हक्क तुमच्या-माझ्याइतकाच आहे. खोटी माहिती देऊन कुणाचं नाव वगळायला लावणं हा गुन्हाही आहे.

उलट त्यांच्याकडे जा. मी गेले. पहिल्या टप्प्यात झालेल्या लहान इमारतीत अकरा कुटुंबं कायमची राहतात, बाकीच्या सदनिका वर्षभर कुलपात. एक केरळची ताई, नवरा विमानतळावर कामाला. जानेवारी २०२३ मध्ये मोपाची विमानं सुरू झाली तेव्हा ती इथे आली. मला वाटलं होतं, ही आपल्याला दारातूनच परत पाठवेल. तिने चहा दिला आणि टँकरच्या पावत्यांची चळत समोर ठेवली. मे महिन्यात आठवड्याला दोन टँकर, पैसे रहिवाशांनी भरायचे. वर आणखी इमारती झाल्या तर आपलंच पाणी जाणार, हे तिला आमच्याआधी कळलं होतं. आता ती ग्रामसभेला येते, हिंदीत बोलते, आणि तिचं बोलणं इतिवृत्तात लिहिलं जातं.

जमीन विकणाऱ्यांशी बोलणं जास्त अवघड. आमच्या वाड्यात ज्यांनी सड्याची जागा दिली ती माणसं परकी नाहीत, चतुर्थीला आमच्याकडे आरतीला येतात. एका काकांनी मुलीच्या किडनीच्या उपचारासाठी जागा विकली. त्यांना भर सभेत "गाव विकलं" म्हणणाऱ्या आमच्याच कार्यकर्त्याने त्या घरातली सहा मतं घालवली, आणि मला त्याचं वाईट मतांपेक्षा जास्त वाटलं. सभेत कुणाच्या खाजगी व्यवहाराचं नाव घेऊ नका. बोलायचं ते परवान्यावर, पाण्यावर, रस्त्यावर.

ठराव कसा लिहावा, त्याबद्दल. वर्षाला चार साधारण ग्रामसभा होतात, बहुधा रविवारी. "आमच्या गावात मेगा प्रकल्प नको" एवढाच ठराव घेतला तर त्याला वजन येत नाही. कारण न देता परवाना नाकारला किंवा निर्णय लांबवला तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे दाद मागतो, आणि तिथे पंचायतीकडे सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून कारणं लागतात, आणि कारणांना आकडे लागतात.

आमचे आकडे एका दोरीतून आले. शेजारच्या काकींच्या विहिरीत मी एप्रिलच्या पहिल्या रविवारी काथ्याची दोरी सोडली. दर हाताच्या अंतरावर एक गाठ, टोकाला वजनासाठी पितळेचा तांब्या. तांब्या तळाला टेकला, दोरी वर ओढली, सात गाठी ओल्या. मेच्या शेवटच्या रविवारी तीच दोरी, तोच तांब्या: दोन गाठी ओल्या, आणि तांब्यात निम्मी माती. वाड्यातल्या नऊ विहिरींचं असं मोजमाप पोरांनी वहीत लिहून ठेवलं, तारखेसह. पुढच्या ग्रामसभेत मी ती दोरी घेऊन उभी राहिले. भाषण केलं नाही. एप्रिलच्या गाठी मोजून दाखवल्या, मग मेच्या. मागच्या बाकावरचा, एरवी ओरडून बोलणारा कंपूही गप्प बसला. पंचायत सचिवांना मी विनंती केली की विहिरींचे आकडे ठरावात जसेच्या तसे लिहावेत, आणि लिहून होईपर्यंत खाली बसले नाही. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. प्रत हातात नसेल तर चार महिन्यांनी ठराव वेगळाच वाचायला मिळतो, हे मी भोगलंय.

डोंगर कापणं, सखल जागा भरणं, ह्यासाठी नगर नियोजन कायद्याच्या १७अ कलमाखाली आधी परवानगी लागते. यंत्र दिसलं की तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून लेखी तक्रार द्या. एवढं पुरे.

आता उमेदवार. विरोध करणाऱ्या गावात दोन-तीन जण पुढारी होतातच, आणि प्रत्येकाला वाटतं लोक माझ्यामुळे जमले. आमचा ६१ मतांचा दादा वाईट माणूस नव्हता. त्याला समितीच्या बैठकीला बोलावणं गेलं नाही, तो दुखावला, अर्ज भरला. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा फार उशीर झाला होता, त्याची आई म्हणाली, "आता आलात? तो सकाळपासून तुमची वाट बघत होता." म्हणून निवडणुकीच्या सहा महिने आधी समितीची बैठक घ्या, इच्छुकांना एकमेकांसमोर बसवा, कोण उभं राहणार ते ठरवा, आणि जो उभा राहणार नाही त्याला कामाची जबाबदारी द्या, खरीखुरी. प्रभाग स्त्रियांसाठी राखीव झाला तर काय, हेही तेव्हाच बोलून घ्या. आरक्षण जाहीर झाल्यावर कुणाच्या तरी बायकोला घाईने उभं करण्यापेक्षा, वर्षभर ग्रामसभेत बोलणारी बाई आधीच तयार असावी.

दहा-वीस मतांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांना विधानसभेचेच आकडे सांगा. २०२२ मध्ये सांतआंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे वीरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले. प्रियोळात फरक २१३ मतांचा होता. मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीतून ६६६ मतांनी जिंकले. गोव्यात एका वाड्याने मन केलं तर आमदार बदलतो.

आंदोलन जिंकलं म्हणजे निवडणूक जिंकली, असं मात्र होत नाही. २००६-०७ मध्ये गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने २०११ सालापर्यंतच्या जमीन वापराचा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला, आणि जून २००७ च्या निवडणुकीनंतर काँग्रेसचंच सरकार पुन्हा आलं. लोकांनी आराखडा हाणून पाडला, मत देताना नातं, पक्ष, नोकरी पाहिली. २०१२ मध्ये नव्या आराखड्याचा आणि खाणींचा राग पेटीपर्यंत पोचला, काँग्रेस ९ जागांवर आली. मधली पाच वर्षं राग टिकला म्हणून हे झालं. आमच्या पेडण्याचा झोनिंग आराखडा २०२३ मध्ये गावागावांतून विरोध झाल्यावर मागे घेतला गेला. त्या आनंदात आमच्याकडच्या दोन समित्यांनी बैठका घेणंच बंद केलं. असं करू नका. महिन्याला एक बैठक, पाच माणसं आली तरी घ्या.

उमेदवाराकडून देवळात शपथ घ्यायची टूम निघते. मी स्पष्ट सांगते, देवाला ह्यात ओढू नका. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्यापेक्षा उमेदवाराला वाड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलवा, वर सांगितलेले दोन-तीन प्रश्न विचारा, उत्तरं कागदावर लिहून त्याची सही घ्या, आणि त्याची प्रत प्रत्येक घरात द्या. सही करायला का-कू करणारा उमेदवार तिथेच कळतो.

कुणाचं मत कुणाला, हे विचारत फिरू नका. गावाने एकमताने ठरवलं म्हणून कुणावर दडपण आणणं, न ऐकणाऱ्याला मांडावरून (गावाच्या एकत्र जमायच्या जागेवरून), देवळाच्या उत्सवातून बाजूला ठेवणं, हे पाप तर आहेच, बेकायदेशीरही आहे. मत गुप्त असतं, आणि तुमच्या विरोधकाच्या घरातली सूनही पेटीपाशी एकटीच असते.

आणि ती बाद झालेली सात मतं. पंचायतीला मतपत्रिका असते, यंत्र नसतं. शिक्का दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर पडला, किंवा शाई ओली असताना वेडीवाकडी घडी घालून दुसऱ्या चिन्हावर उमटली, की मत हातचं जायची भीती. यंत्राचं बटण दाबायची सवय झालेल्या पोरांनासुद्धा हे ठाऊक नाही. मी आता जुन्या वहीच्या पानावर चार चौकोन आखून, आंबा-घड्याळ-छत्री-कंदील अशी कुठलीही चिन्हं काढून, बटाट्याचा शिक्का करून दाखवते. शिक्का चौकोनाच्या मधोमध, फुंकर घालून वाळवायचा, मग घडी उभी घालायची, म्हणजे शाई उमटली तरी त्याच चिन्हावर येते. शेजारच्या आजी चार वेळा करून बघतात. पंचाहत्तरीच्या आहेत, हात थरथरतो.

मतदानाच्या दिवशी उमेदवाराच्या गाडीतून मतदार नेऊ नका, ते कायद्यात बसत नाही. आपल्या शेजाऱ्याला आपण न्यावं. २०२२ मध्ये १० ऑगस्टला मतदान होतं, धो धो पाऊस. दुपारी चार वाजता मी यादी पाहिली तेव्हा आमच्या बाजूची अकरा माणसं घरीच होती. सकाळी अकरापर्यंत म्हाताऱ्यांचं आणि लेकुरवाळ्या बायकांचं मतदान उरकून घ्या, दुपारी यादीवर पुन्हा पट्टी फिरवा.

निकाल काहीही लागो, नव्या मंडळाच्या पहिल्या ग्रामसभेला विहिरींची वही आणि मागच्या ठरावाची प्रत घेऊन जायचं. २०२२ ला हरल्यानंतरच्या ग्रामसभेला आम्ही सोळा जण गेलो होतो. निवडून आलेल्या पंचाच्या हातात मी ती वही दिली. त्याने पानं उलटली, एका पानावर थांबला आणि म्हणाला, "ही आमची विहीर, बाई. मे महिन्यात एकच गाठ?" मी म्हटलं, "एकच. येत्या मेच्या शेवटच्या रविवारी तू स्वतः ये मोजायला." तो आला.